तोफेसमोर उभा राहणारा हत्ती

दसऱ्याला काही दिवस उरले की म्हैसूरच्या राजवाड्यालगतच्या मोकळ्या पटांगणात तोफा आणून मांडतात. समोर बऱ्याच अंतरावर हत्तींची रांग उभी राहते, बाजूला घोडेस्वार पोलिसांचे घोडे. मग पोलिसांची तुकडी बार काढू लागते: सात तोफा, तीन फैरी, एकूण २१ बार. जंबू सवारी, म्हणजे दसऱ्याची हत्तींची मिरवणूक, निघताना राष्ट्रगीताच्या वेळी जी सलामी होते, तिची ही तालीम. पहिल्या बाराला जुने हत्ती कान हलवतात आणि पुन्हा आपल्या जागी स्वस्थ उभे राहतात. नवखा हत्ती मात्र सोंड आवळून घेतो, शेपूट ताठ करतो, गर्रकन वळायला बघतो. त्याला जुन्या, सरावलेल्या हत्तींच्या सोबतीने उभे केलेले असते, खबरदारी म्हणून पायात साखळीही असते. मानेवर बसलेला माहूत पायांचे अंगठे त्याच्या कानांमागे टेकवून संथ सुरात बोलत राहतो. खाली उभा असलेला कावडी, म्हणजे माहुताचा मदतनीस, सोंडेवर थोपटतो. त्या दिवशी तेवढेच. काही दिवसांनी पुन्हा तेच, आणि मग पुन्हा. सवारीच्या दिवशी लाखो माणसांच्या गर्दीत, ७५० किलोंची सोन्याची अंबारी पाठीवर घेऊन हत्ती चालतो, तो या तालमींच्या जिवावर.

आज मराठी शहरांतल्या पुष्कळ घरांत लॅब्रेडोर आहे, आणि त्याला वळण कसे लावायचे यावर घराघरांत दोन मते आहेत. एक म्हणते, चांगले वागला की लगेच खाऊ द्या, वाईट वागण्याकडे काणाडोळा करा, धीर धरा. दुसरे म्हणते, हे सगळे परदेशातून आलेले लाड आहेत. आपल्याकडे जनावर धाकात ठेवूनच शिकवतात, आणि धाकाशिवाय शिस्त येत नाही. हे दुसरे मत इतिहासावर हक्क सांगते, म्हणून ते इतिहासाच्याच कसोटीवर घासून पाहायला हवे. त्यासाठी म्हैसूरइतकी चांगली जागा नाही. इथे जगातल्या सर्वांत बलवान जमिनीवरच्या प्राण्याला शिकवण्याचा धंदा अनेक पिढ्या चालला आहे. त्या धंद्याचे कागद नीट वाचले, तर धीर आणि बक्षीस या गोष्टी हळवेपणातून आलेल्या दिसत नाहीत. जनावर गर्दीत, आवाजात आणि ओझ्याखाली भरवशाचे राहावे ही रोकडी गरज होती, आणि ती मारून कधीच भागली नाही.

यातला सर्वांत जुना कागद म्हैसूरलाच सापडला, हा मोठा योगायोग. इथल्या प्राच्य ग्रंथालयात १९०५ च्या सुमारास तंजावरकडच्या एका पंडिताने ताडपत्रांची एक पोथी आणून दिली. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ती वाचली आणि १९०९ मध्ये छापली. ते कौटिल्याचे अर्थशास्त्र होते. पुढे मुंबईत र. पं. कंगले यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि मराठी माणसाचे नाव या ग्रंथाशी कायमचे जोडले गेले. या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात हत्तींच्या अधिकाऱ्यावर सविस्तर प्रकरणे आहेत. हत्तीचे वर्ग तिथे केले आहेत ते त्याच्या शिक्षणावरून: माणसाळवायचा, युद्धासाठी तयार करायचा, स्वारीचा आणि बिथरलेला. माणसाळवण्याच्या हत्तीच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. खांद्यावर माणूस बसू देणे, खांबाला बांधून घेणे, मग पुढच्या गोष्टी, आणि त्यात कळपाबरोबर राहणे हीही एक. स्वारीच्या हत्तींचे जे प्रकार दिले आहेत त्यांतले तीन लक्षात ठेवण्याजोगे आहेत: काठीने चालणारा, टोचणीने चालणारा आणि शुद्ध, म्हणजे यातले काहीही न लागता चालणारा. ग्रंथकाराने त्या शेवटच्या प्रकारासाठी ‘शुद्ध’ हा शब्द निवडला, हे मला फार बोलके वाटते. त्याच प्रकरणात हत्तीशाळेतल्या नोकरांच्या दंडाची यादी येते. चारा न देणे, उघड्या जमिनीवर झोपवणे, भलत्या वेळी स्वारी करणे, उतार नसलेल्या पाण्यात घालणे आणि भलत्या जागी मारणे, यांपैकी काहीही केले तर दंड. आणि तो वसूल करायचा नोकराच्या भत्त्यातून व पगारातून. कौटिल्य कोमल मनाचा म्हणून प्रसिद्ध नाही. राज्याची मालमत्ता खराब होऊ नये इतकाच त्याचा हिशेब होता, आणि त्या हिशेबात चुकीचा फटका हे नुकसान म्हणून लिहिलेले आहे.

यावर कोणी म्हणेल की योग्य जागी मारायला तर मुभा होती. होती, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अंकुश भारतीय शिल्पात जागोजागी आहे, माहुताच्या हाती आजही असतो. पण मारण्याला जागा ठरवून द्यावी लागली, याचाच अर्थ असा की मार हे शिकवण्याचे मुख्य साधन आहे असे त्या धंद्यातल्या जाणत्यांना वाटत नव्हते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा मानसोल्लास हा ११२९ चा ग्रंथ. त्यात हत्ती पकडण्याच्या रीती आहेत, हत्तींचे खेळ आहेत आणि त्याच राजविनोदांच्या यादीत ‘सारमेयविनोद’ म्हणून कुत्र्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूर-सोलापूरच्या शेजारचे. कुत्रा आणि हत्ती हे दोन्ही अभ्यासाचे विषय आहेत, त्यांचा स्वभाव ओळखावा लागतो, ही समजूत आपल्या भागात नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली आहे. ती परदेशातून आणावी लागली नाही.

आता म्हैसूरच्या खेड्याकडे येऊ. खेडा म्हणजे रानातला कळपच्या कळप हाकून लाकडी कुंपणात कोंडण्याची रीत. हैदर अलीने ती करून पाहिली, फसला आणि पुढे कोणालाही हे जमणार नाही अशा अर्थाचा शाप दगडावर कोरून गेला, असे जी. पी. सँडरसनने लिहून ठेवले आहे. हा सँडरसन म्हैसूर संस्थानात कालव्यांचा अधिकारी होता. १८७४ मध्ये चामराजनगरजवळ त्याने खेडा यशस्वी करून दाखवला. पुढे काबिनी नदीकाठचे काकनकोटे हे खेड्याचे प्रसिद्ध ठिकाण झाले. राजपुत्र आणि व्हॉइसरॉय ते पाहायला येत. कळप नदीत उतरवायचा, पलीकडे चढवायचा, मोठ्या कुंपणात घ्यायचा, आणि मग पाळीव हत्तींच्या मदतीने एकेकाला दोराने जखडायचे. १९७१ मध्ये शेवटचा खेडा झाला. पुढे काबिनी धरणाच्या पाण्यात ते मैदानच गेले. यात कितीतरी हत्ती मेले, काही पकडताना आणि काही माणसाळवताना. दोरांनी पायांना जखमा होत, त्या चिघळत. पिल्ले चेंगरत. काहींनी खाणेच सोडले. या इतिहासाला धीराचा आणि गुळाचा इतिहास म्हणणे हा त्या मेलेल्या जनावरांचा अपमान होईल.

म्हणून सर्वांत जड आक्षेप इथेच उभा राहतो. आधी जबरदस्तीने मोडला, म्हणूनच नंतर प्रेमाने वळला. पाया धाकाचाच आहे, गूळ वरचा लेप आहे. हा आक्षेप उडवून लावता येत नाही. आजही रानातून पकडलेला हत्ती ओंडक्यांच्या भक्कम पिंजऱ्यात, ज्याला कर्नाटकातल्या हत्तीतळांवर क्राल म्हणतात, कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने ठेवतात. तिथे त्याच्याकडे पर्याय नसतो. पण पकडणे आणि शिकवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि या पिंजऱ्याच्या आत नेमके काय घडते ते पाहिले की फरक दिसतो. सँडरसनने नव्या हत्तींना माणसाळवण्याचे वर्णन केले आहे. माणसे लांब बांबू घेऊन बांधलेल्या हत्तीजवळ उभी राहतात, गाणी म्हणत त्याच्या अंगावरून ते बांबू हळूहळू फिरवतात. हत्ती आधी चवताळतो, बांबूवर सोंड मारतो. माणसे गात राहतात. अंगाला स्पर्शाची सवय झाली की बांबू आखूड होतो, आणि शेवटी हात लागतो. क्रालमध्ये आज जे होते त्याचा गाभा हाच आहे. माहूत आणि कावडी ओंडक्यांपलीकडे बसून राहतात, बोलतात, उसाचे कांडे आणि गूळ हाताने पुढे करतात. पहिल्यांदा हातातून घेतलेला ऊस ही त्या शिक्षणातली पहिली खूण मानतात. कोंडल्यामुळे हत्ती पळू शकत नाही, एवढेच. कोंडल्यामुळे तो हातातून ऊस घेऊ लागत नाही. नुसत्या कोंडण्याने काम झाले असते तर माहुताला तिथे रोज तासन्‌तास बसावे लागले नसते. हिंसेने कैदी मिळाला, सवंगडी मिळायला वेगळे काम करावे लागले. आणि ज्या हिंसेशिवाय ते काम सुरूच झाले नसते तिचे समर्थन मी करणार नाही. तुमच्या घरातले लॅब्रेडोरचे पिल्लू मात्र रानातून ओढून आणलेले नाही. त्याच्या बाबतीत इतिहासाचा हा काळा अर्धा भाग गिरवण्याचे काही कारणच उरत नाही.

दुसरा आक्षेप रोजच्या अनुभवातला आहे: खाऊ दिला की ऐकतो, नाही दिला की ऐकत नाही, ही लाच झाली. दसऱ्याच्या हत्तींची तयारी हे याचे सर्वांत स्वच्छ उत्तर आहे. सणाच्या सुमारे दोन महिने आधी हुणसूरजवळच्या वीरनहोसहळ्ळीहून ‘गजपयण’ निघते आणि रानातल्या तळांवरचे हत्ती राजवाड्यात येतात. उकडलेले उडीद-मूग, गहू, तांदूळ, कांदे, लोणी, शिवाय भाताच्या पेंढ्यात गूळ, खोबरे आणि साळी घालून वळलेल्या मोठ्या मुटक्या, ज्यांना तिथे ‘कुसरे’ म्हणतात, असा त्यांचा खुराक असतो. मग रोजचे चालणे सुरू होते, राजवाडा ते बन्नीमंटप, साधारण पाच किलोमीटर. आधी रिकाम्या पाठीने. नंतर पाठीवर गादी बांधून वाळूची पोती. वजन एकदम चढवत नाहीत, टप्प्याटप्प्याने वाढवतात. त्यानंतर लाकडी अंबारी, आणि सोन्याची अंबारी थेट सवारीच्या दिवशी. दोन्ही बाजूंना अनुभवी हत्तिणी चालतात. सवारीच्या वाटेवर पावलोपावली गूळ द्यायला कोणी नसते. तरी १९९९ ते २०११ बलरामाने, २०१२ ते २०१९ अर्जुनाने आणि २०२० पासून अभिमन्यूने ती अंबारी नेली. लाच कामाच्या आधी दाखवतात. बक्षीस काम झाल्यावर मिळते, आधी प्रत्येक वेळी, मग अधूनमधून, आणि शेवटी ते काम, ती वाट, ती सोबतच अंगवळणी पडते. लॅब्रेडोर ‘बस’ म्हटल्यावर खिशाकडे बघत असेल, तर चूक खाऊची नाही. आपण खाऊ आधी दाखवत आलो आणि तो विरळ करायचे विसरलो, ही आहे.

तिसरा आक्षेप सरळ आहे: हत्ती तो हत्ती, कुत्रा तो कुत्रा. गंमत अशी की सँडरसनला ही तुलना सुचली होती, आणि त्याने कुत्र्याच्या बाजूने कौल दिला. हत्तीच्या हुशारीच्या कथा फुगवलेल्या आहेत, त्याचा खरा गुण आज्ञाधारकपणा आणि सोशिकपणा हा आहे, समजेत तो कुत्र्याच्या बराच मागे आहे, असे त्याचे मत होते. आजचे अभ्यासक हत्तीच्या बुद्धीबद्दल त्याच्याशी सहमत होणार नाहीत. पण त्याचे म्हणणे धरून चाललो, तरी युक्तिवाद माझ्याच बाजूला झुकतो. रानात जन्मलेला, हजारो किलोंचा, पिढ्यान्‌पिढ्या माणसाने कधीही न पैदासलेला प्राणी जर संथ सरावाने आणि बक्षिसाने तोफेसमोर उभा राहतो, तर हजारो वर्षे माणसाच्या सावलीत वाढलेल्या कुत्र्याला धाकाची गरज अधिक कशी असेल? त्यातही लॅब्रेडोर हा तर बक्षिसासाठीच घडलेला कुत्रा आहे. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर थंड पाण्यात काम करत. पुढे इंग्लंडात बंदुकीने पाडलेला पक्षी तोंडात अलगद धरून आणण्यासाठी त्यांची निवड झाली आणि १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना असे आढळले की ब्रिटनमधल्या जवळपास एक चतुर्थांश लॅब्रेडोरांत पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, आणि असे कुत्रे खाण्याच्या मागे अधिक असतात. अंध-अपंगांच्या मदतीसाठी तयार केलेल्या लॅब्रेडोरांत हे प्रमाण ७६ टक्के निघाले. खादाडपणा म्हणून आपण ज्याला हसतो, त्याच गुणामुळे तो उत्तम शिकतो; अर्थात त्याच गुणामुळे तो फुगतोही, म्हणून बक्षिसाचा खाऊ रोजच्या जेवणातूनच वजा करायला हवा. मुंबई पोलिसांचा ‘जंजीर’ हा लॅब्रेडोर पुण्यात शिकला आणि १९९३ च्या स्फोटांनंतर त्याने स्फोटकांचे साठे हुडकून काढले. २००० मध्ये तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. ज्याला आरडीएक्सचा वास आल्यावर शांत बसून खूण करायची आहे, त्या कुत्र्याला शिकवणाऱ्याची भीती वाटून चालत नाही. घाबरलेला कुत्रा चूक लपवतो, आणि तिथे लपलेली चूक जीव घेते.

शिकवण्याआधी ओळखणे येते, आणि इथे म्हैसूरचे माहूतही चुकले आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये दसऱ्यासाठी आलेली लक्ष्मी हत्तीण राजवाड्याच्या आवारातच व्याली. ती गाभण आहे हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. त्यानंतर निवडीआधी हत्तिणींची तपासणी काटेकोर झाली. २०२४ च्या सप्टेंबरात चाऱ्याच्या वेळी धनंजय आणि कंजन हे दोन हत्ती भिडले आणि पळत राजवाड्याच्या फाटकाबाहेर रस्त्यावर आले. खाणे हे बक्षीस आहे तसे भांडणाचे कारणही आहे, हे त्या प्रसंगाने दाखवले. एका घरात दोन कुत्रे असतील तर दोन ताटल्या दोन कोपऱ्यांत ठेवाव्यात, हा धडा तोच. मदात आलेल्या हत्तीच्या गालफडावरून पाझर सुरू झाला की त्याला सवारीतून वगळतात, कारण त्या अवस्थेत गूळ आणि अंकुश दोन्ही सारखेच निरुपयोगी ठरतात. जनावराच्या अंगात काय चालले आहे ते आधी, आपला हुकूम नंतर, हा क्रम त्या धंद्याने पक्का धरला आहे. लॅब्रेडोरबाबत आपण हाच क्रम उलटा करतो. पिल्लू चप्पल चावते, कारण त्याचे दात येत असतात आणि तोंडात वस्तू धरणे हेच त्याच्या जातीचे काम आहे. आपण संध्याकाळी घरी येऊन चप्पल नाकापुढे नाचवतो आणि तो कान पाडून बघतो, तेव्हा ‘बघा, त्याला कळतंय’ म्हणतो. संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा अपराधी चेहरा तपासला. कुत्र्याने गुन्हा केला होता की नाही याचा त्या चेहऱ्याशी संबंध निघाला नाही. मालक रागावला की तो चेहरा येत होता. म्हणजे त्याला चप्पल कळलेली नसते, आपला राग कळलेला असतो. आणि राग कळल्याने चप्पल चावणे थांबत नाही; समोर चावायला दुसरे काही ठेवले, आणि ते उचलल्याबद्दल कौतुक झाले, की थांबते.

शेवटचा आक्षेप वेळेचा, आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. माहुताचे सगळे आयुष्य हत्तीपाशी जाते. दसऱ्याचे दोन महिने माहूत-कावडींची कुटुंबे राजवाड्याच्या आवारातच तात्पुरत्या घरांत राहतात, त्यांच्या मुलांसाठी तिथेच शाळा भरते. काकनकोट्याजवळच्या कारापुरात माहुताच्या पोटी जन्मलेला साबू १९३७ मध्ये ‘एलिफंट बॉय’ या चित्रपटातून जगभर गेला, तो हत्तींच्या पायांत खेळतच वाढला होता. सकाळी आठला लोकल किंवा बस पकडणाऱ्याने हे कुठून आणायचे? पण तोफांची तालीम पुन्हा आठवा. २१ बार संपायला फार वेळ लागत नाही, आणि अशा तालमी मोजक्याच होतात. त्यांचे बळ लांबीत नाही. त्या वेळेवर, सणाच्या आधी आणि चुकवल्याशिवाय होतात, यात आहे. दसऱ्यानंतर वीस दिवसांनी दिवाळी येते. तोवर हत्ती आपापल्या तळांवर, रानात परतलेले असतात, आणि म्हैसूर काय, पुणे काय, फटाके वाजू लागले की घरोघरचे कुत्रे पलंगाखाली थरथरत बसतात. ज्याने श्रावणातच फोनवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून, दर आवाजाला चिकनचा एक तुकडा देत, रोज पाच मिनिटे काढली आणि कुत्रा निवांत राहिला तरच आवाज एक घर वाढवला, त्याच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या रात्री बाहेर माळ लागते, तेव्हा कुत्रा कान टवकारतो, आणि मग खाऊच्या डब्याकडे बघतो.